जंगलातल्या खळाळत्या नदीवर कयाक: आधी उलटं व्हायला शिका, मग पुढं जा

कोलाडला राफ्टिंग झालं, शेवटी संथ पाण्यात अर्धा तास हवा भरलेल्या कयाकमध्ये (दोन टोकांच्या वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) बसून गोल गोल फिरलो, म्हणजे आता आपल्याला कयाकिंग जमतं असं समजून पुढच्या महिन्यात भाड्याने हार्ड, म्हणजे कडक प्लास्टिकची कयाक घेऊन थेट रॅपिडमध्ये, म्हणजे दगडांमधून खळाळणाऱ्या वेगवान पाण्यात घुसणारे लोक दर सीझनला दिसतात. यात धाडसाचा प्रॉब्लेम नसतो, क्रम चुकलेला असतो. पुढं जायचं कसं हे सगळे आधी शिकतात आणि होडी उलटी झाली की काय करायचं हे नदी शिकवते, आणि नदीची शिकवायची पद्धत काही फार प्रेमळ नाही.

म्हणून इथे क्रमाने लिहितोय. उदाहरणाला कोलाडची कुंडलिका नदी घेतलीय, कारण मुंबई-पुण्याच्या माणसाला ती जवळ पडते. हे वाचून एकट्याने जायचं नाहीये, चांगला इन्स्ट्रक्टर लागतोच, पण तो काय शिकवतोय आणि काय शिकवायचं टाळतोय हे तरी कळेल.

१. आधी पाणी कुणाच्या हातात आहे ते बघा

कुंडलिकेला मे महिन्यातसुद्धा पाणी असतं ते पावसाचं नाही. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीच्या खाली भिऱ्याला आणून टाटांच्या वीजकेंद्रात वीज बनवतात आणि ते पाणी पुढे नदीत येतं. म्हणजे नदीला पाणी कधी आणि किती हे वीजनिर्मितीवर ठरतं. साधारण सकाळी पाणी सुटतं म्हणून तिथलं सगळं राफ्टिंग सकाळी, पण "साधारण" या शब्दावर ट्रिप प्लॅन करायची नाही. आदल्या संध्याकाळी तिथल्या राफ्टिंगवाल्याला फोन करून विचारा, उद्या पाणी आहे का, किती वाजता, किती वेळ. कुणाच्या तरी जुन्या व्हिडिओतली वेळ धरून जाऊ नका.

यात दोन उलट्या चुका होतात. पहिली म्हणजे उशीर. सोडलेलं पाणी पुढे सरकत असतं, तुम्ही त्याच्या शेपटीला लागलात की बघता बघता पातळी उतरते, जो रॅपिड तासाभरापूर्वी गुळगुळीत होता तिथे आता दगडांची रांग उघडी पडलेली असते आणि तुम्ही होडी खरडत चाललेले असता. दुसरी म्हणजे पाणी यायच्या आधी कोरड्या पात्रात मधल्या कातळावर बसून नाश्ता करणं. भोंगा वाजेल मग उठू, असं नाही करायचं. काठावर बसा.

पावसाळ्यात हे सगळं गणित बदलतं. धरणाच्या पाण्यात दोन्ही बाजूंचे ओढे येऊन मिळतात, पाणी चहासारखं होतं, खालचा दगड दिसत नाही आणि वाहून आलेली झाडं कुठल्या वळणावर अडकलीत ते काल गेलेल्यालाही आज माहीत नसतं.

बाकीच्या नद्यांचं थोडक्यात: गोव्यात वाळपईकडची म्हादई फक्त पावसाळ्यात चालते आणि आजूबाजूला अभयारण्य आहे, त्यामुळे वनखात्याची परवानगी आणि पावसाळ्यातले बंदीचे आदेश आधी बघायचे. दांडेलीची काळीसुद्धा धरणाच्या पाण्यावर. ऋषिकेशला जुलै-ऑगस्टमध्ये सगळं बंद असतं, पण शिकायला जागा उत्तम, कारण कयाकचे नीट कोर्स आहेत. केरळात कोझिकोडजवळ कोडंचेरीला पावसाळ्यात कयाकिंगच्या स्पर्धा होतात, ते व्हिडिओ बघून खूप जण पेटतात, पण ते अरुंद आणि तीव्र उताराचे ओढे आहेत, तिथे दुसऱ्या वर्षीसुद्धा जाऊ नका.

> चेक: रॅपिडची ग्रेड, म्हणजे तो किती अवघड, १ ते ६ असते (६ सगळ्यात अवघड). कुंडलिका नेहमीच्या पाण्याला साधारण २ ते ३. पण ती ग्रेड त्या पाण्याची आहे, त्या जागेची नाही. पाणी वाढलं की तोच रॅपिड वेगळा होतो.

२. सामान: दिसायला भारी नको, मापाचं पाहिजे

होडी प्लास्टिकची, व्हाइटवॉटरसाठी, म्हणजे फेसाळत्या वेगवान पाण्यासाठी बनवलेली. समुद्रावरची लांबडी कयाक किंवा वर उघडं बसायची सिट-ऑन-टॉप इथे चालत नाही. आणि तुमच्या वजनाला कुठलं मॉडेल चालतं ते विचारा, मित्राची ६० किलोवाल्याची होडी ९० किलोच्या माणसाला घेऊन अर्धी पाण्याखालीच जाते.

बसल्यावर तळपाय फूटरेस्टला टेकलेले, मांड्या वरच्या पॅडला घट्ट, कमरेच्या दोन्ही बाजूंना जागा नाही, असं पाहिजे. कंबर हलवली की होडी हलली पाहिजे. तुम्ही आत गोल फिरताय आणि होडी तशीच आहे असं झालं तर पुढचं काहीच येणार नाही, मग लोक म्हणतात मला रोल (उलटी झालेली होडी आत बसूनच परत सरळ करणं) जमत नाही. अरे बाबा, फोमचे तुकडे लाव बाजूला. मागच्या भागात हवेच्या पिशव्या भरलेल्या आहेत का तेही बघा. त्या नसतील तर उलटलेल्या होडीत पाणी शिरून ती दोनेकशे किलोची वस्तू होते आणि तुमच्या मागून वाहत येते.

लाइफ जॅकेट घालून सगळे पट्टे आवळा आणि मित्राला खांद्याचे पट्टे धरून जोरात वर उचलायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते तुमचं नाही. हेल्मेटने कपाळ झाकलं पाहिजे, टोपीसारखं मागे सरकवलेलं हेल्मेट फोटोपुरतं. पायात बंद बूट, लेसची टोकं आत खोचलेली. फ्लोटर आणि चप्पल घरी. जीन्स आणि जाड कॉटनही घरी.

ग्रुपमध्ये प्रत्येकाकडे शिट्टी, आणि किमान दोघांकडे थ्रो बॅग, म्हणजे १५ ते २० मीटर तरंगणारा दोर भरलेली पिशवी. ज्याच्याकडे दोर त्याच्याकडे चाकू, हे जोडीनेच. दोर अडकला आणि कापायला काही नाही, ही परिस्थिती दोर नसण्यापेक्षा वाईट. एक जास्तीचं जोडायचं वल्हंसुद्धा ग्रुपमध्ये ठेवा.

> सावध: जॅकेटवरून लोंबणारा कॅमेऱ्याचा दोरा, गळ्यातला ताईत, सैल बेल्ट, हे सगळं काढा. पाण्याखाली लोंबणारी प्रत्येक गोष्ट कशात तरी अडकते.

३. संथ पाण्यात उलटं व्हा

डोह किंवा स्विमिंग पूल, छातीभर पाणी, खाली दगड नाही, शेजारी एक माणूस उभा. इथे सगळ्यात जास्त वेळ घालवायचा आणि इथेच सगळे घाई करतात.

स्प्रे स्कर्ट म्हणजे कमरेभोवतीचं ते रबरी झाकण, जे होडीच्या तोंडाला घट्ट बसतं. त्याच्या पुढच्या टोकाला एक पट्टी असते, ती ओढली की झाकण सुटतं. स्कर्ट लावताना कडा मागून पुढे बसवत आणतात आणि शेवटी पुढचं टोक बसवताना ही पट्टी आत दुमडली जाऊ शकते. वरून बघितलं तर सगळं व्यवस्थित दिसतं. उलटं झाल्यावर हात पुढे जातो तेव्हा तिथे काहीच लागत नाही. म्हणून दर वेळी, शंभराव्या वेळीसुद्धा, पट्टी बाहेर आहे हे हाताने धरून बघायचं आणि शेजारच्याने पण बघायचं.

बाहेर पडायचं असं:

१. उलटं झालात की पुढे वाका, नाक होडीकडे. मागे वाकलात तर चेहरा दगडाला मिळतो.
२. दोन्ही हात वर काढून होडीच्या बुडावर तीन वेळा थापटा. हे मदत मागायला असतं आणि डोकं शांत करायलाही.
३. पट्टी शोधा, आधी पुढे आणि मग वर ओढा.
४. हात कमरेच्या बाजूला टेकवून पँट काढल्यासारखी होडी ढकला, पाय आपोआप निघतात. पाय मारत बसू नका.
५. बाहेर आलात की होडी सोडू नका, वल्हं सोडू नका.

हे डोळे मिटून, घाई न करता, न घाबरता जमेपर्यंत पुढचं काही नाही. त्यानंतर मित्राच्या होडीचं टोक धरून सरळ व्हायचं: उलटं असताना हात बाहेर, मित्र टोक आणून लावतो, तुम्ही ते धरून कमरेने होडी फिरवता. आणि मगच एस्किमो रोल.

रोलमध्ये निम्म्यापेक्षा जास्त लोकांची एकच चूक होते, डोकं आधी वर काढणं. श्वास पाहिजे असतो म्हणून मान वर जाते, मान वर गेली की होडी परत खाली जाते. कंबर फिरवून होडी आधी सरळ करायची, मग अंग, आणि डोकं सगळ्यात शेवटी, कान खांद्याला चिकटवून. हाताच्या ताकदीने होत नाही. व्यायामशाळेत जाणाऱ्यांना म्हणूनच जास्त वेळ लागतो, ते वल्हं खेचत बसतात.

> चेक: पूलमध्ये जमलेला रोल नदीत पहिल्या वेळी बहुतेक फसतो. त्यामुळे रोल येतो म्हणून बाहेर पडायचा सराव बंद करायचा नाही.

४. होडी काठावर ठेवा, नुसतं पोहा

हा टप्पा ९० टक्के लोक गाळतात (आकडा माझा अंदाज, पण फार लांब नसेल). छोट्या, स्वच्छ रॅपिडमध्ये, खाली डोह असेल तिथे, जॅकेट-हेल्मेट घालून नुसतं वाहत जायचं.

पाठीवर, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेला, पायाची बोटं पाण्याच्या वर दिसली पाहिजेत, ढुंगण उचललेलं. दगड आला की पायाने ढकला. काठाकडे जायची संधी दिसली की पालथं व्हा आणि जीव तोडून तिरकं पोहा. पाठीवर पडून नशिबाची वाट बघत राहणं हे पण चुकीचंच.

> सावध, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही. पाणी गुडघ्याच्या वर आणि ओढ असेल तर मुळीच नाही. पाय दोन दगडांच्या फटीत अडकतो, मागून पाणी पाठीवर दाबतं आणि माणूस कमरेतून पुढे वाकून तोंड पाण्याखाली जातं. कमरेएवढ्या पाण्यात माणसं बुडतात ती अशी. हात तळाला घासायला लागेपर्यंत पोहत राहा.

दोर फेकला तर दोर धरायचा, पिशवी नाही. छातीशी दोन्ही हातांनी धरून पाठीवर व्हा, दोर काठापासून लांबच्या खांद्यावरून घ्या, तोंडावर पाणी येत नाही आणि तुम्ही आपोआप काठाला लागता. हाताला गुंडाळायचा नाही, कमरेला बांधायचा तर नाहीच.

५. एडी: नदीत थांबायची जागा

आता होडी घ्या. पुढे जायला नदी पुरेशी आहे, तुम्हाला शिकायचंय थांबायला.

मोठ्या दगडाच्या मागे बघा. समोरचं पाणी वेगात खाली जातंय आणि दगडामागचा फेस मात्र हळूच उलटा, वरच्या दिशेला सरकतोय. एखादं करंजाचं पान त्यात आलं तर ते दगडापर्यंत वर जातं, परत प्रवाहाच्या कडेला लागतं, तिथे गर्रकन फिरतं आणि मग एकदम खाली खेचलं जातं. ती उलट्या पाण्याची जागा म्हणजे एडी आणि जिथे पान फिरलं ती एडीची रेषा. नवखे सगळे त्या रेषेवरच उलटतात.

कारण सोपं आहे. होडीचं टोक एका पाण्यात, शेपूट दुसऱ्या पाण्यात, आणि दोन्ही उलट दिशांना चाललेली. सायकलवर वळताना आपण आत झुकतो तसं ज्या बाजूला वळताय त्या बाजूला होडी कमरेने झुकवा, म्हणजे नव्या पाण्याला होडीचं बूड दिसलं पाहिजे, कड नाही. कड दिसली की पाणी वर चढतं आणि सेकंदात उलटं. रेषा ओलांडताना हळू जायचं नाही, वेग घेऊन, टोक तिरकं ठेवून, पलीकडे वल्हं खुपसायचं.

यातला क्रम असा: आधी एडीतून बाहेर आणि परत आत. मग एका काठावरून दुसऱ्या काठावर तिरकं जाणं, टोक वरच्या दिशेला ठेवून, खाली न घसरता. मग एडीतून एडीत उड्या मारत अख्खा सोपा रॅपिड. ग्रेड २ मध्ये ठरवलेली प्रत्येक एडी पकडता येत नाही तोवर ग्रेड ३ ला हात लावू नका.

दोन गोष्टी सवयीच्या करा. वल्हं मारताना कोपर बरगडीजवळ, हात डोक्याच्या वर नाही, नाहीतर खांदा निखळतो, आणि जंगलात निखळलेला खांदा घेऊन चालत रस्त्यावर येणं हा वेगळाच प्रकार आहे. दुसरं, होडी आडवी होऊन दगडाला लागली तर दगडाकडे झुका, त्याला मिठी मारा. मन सांगतं लांब व्हा, आणि लांब झुकलात की प्रवाह वरची कड खाली खेचतो, होडी दगडाला गुंडाळली जाते.

६. जंगल आणि गाव, दोन्हीकडचे सापळे

पडलेलं झाड, पाण्यात झुकलेलं बांबूचं बेट, उंबराच्या उघड्या मुळ्या. यातून पाणी जातं आणि माणूस जात नाही, चाळणीत अडकल्यासारखा अडकतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूला हे जास्त, कारण पाणी तिकडची माती कापतं आणि झाड तिकडेच पडतं. आतल्या बाजूने वळा. पोहत असताना झाड समोर आलंच आणि बाजूला जाता येत नसेल तर पाय पुढे ठेवायचा नियम इथे उलटा: पालथं व्हा, डोकं पुढे, जोरात पोहत जाऊन छातीने झाडावर चढा. पाय खाली गेला की संपलं.

आपल्याकडची खास भर म्हणजे बंधारे आणि फरशी पूल. केटी (कोल्हापूर पद्धतीच्या) बंधाऱ्यावरून पाणी सरळ एका रेषेत पडतं, दिसायला एकदम शांत, उंची दोन-तीन फूट, लोक म्हणतात यात काय. खाली पडलेलं पाणी परत भिंतीकडे फिरत राहतं, काठापासून काठापर्यंत, आणि त्यात सापडलेली वस्तू बाहेर येत नाही. उतरा, होडी खांद्यावर घ्या, चालत जा. फरशी पुलाखालचे सिमेंटचे पाइप त्याहून वाईट, पाणी आत खेचलं जातं आणि पलीकडच्या तोंडाला फांद्या तुंबलेल्या असतात. मासेमारीची जाळी आणि आडव्या तारा, पाणी उपशाचे पाइप, हे पण बघत चला. सकाळी भेटलेल्या गावकऱ्याला विचारा, "खाली कुठं जाळं लावलंय का?" तो नक्की सांगेल.

७. प्रत्यक्ष दिवशी

किमान तीन होड्या. एक उलटला, एक त्याच्याकडे, एक मदत आणायला मोकळा. सगळ्यात अनुभवी दोघांपैकी एक पुढे, एक शेवटी. गाडी आधीच उतरायच्या जागी लावून ठेवा आणि तिची किल्ली वरच्या गाडीत विसरू नका, हे दर वेळी कुणाचं तरी होतं. काठावरच्या एका माणसाला सांगून जा की अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं. दरीत नेटवर्क जातं, त्यामुळे काठाने वर रस्त्याला जाणाऱ्या दोन-तीन पायवाटा आधीच नकाशावर बघून ठेवा.

खुणा निघायच्या आधी ठरवा. वल्हं उभं म्हणजे या, आडवं म्हणजे थांबा. डोक्यावर थापटलं म्हणजे मी ठीक आहे. एक शिट्टी म्हणजे इकडे बघा, तीन म्हणजे संकट. बोट नेहमी जिकडे जायचं तिकडे दाखवायचं, धोक्याकडे कधीच नाही, कारण मागचा माणूस बोट दिसेल तिकडेच येतो.

पाणी वाचायला एवढं पुरे: टोक खालच्या दिशेला असलेला गुळगुळीत व्ही म्हणजे वाट, टोक वरच्या दिशेला असलेला व्ही म्हणजे त्या टोकाला दगड. आणि पुढे नदी सरळ रेषेत संपल्यासारखी दिसली, खालचं काही दिसेना, नुसता आवाज, तर एडीत शिरा, उतरा आणि चालत जाऊन बघा. बघताना खालून वर बघत या: कुठे पोचायचंय ते आधी, मग तिथे जायला कुठून निघायचं. "वाट चुकली तर मी कुठे जाईन" हेही बघा. तिथे झाड असेल तर होडी उचला, यात लाजण्यासारखं काही नाही.

> चेक: एकावेळी एक होडी रॅपिडमध्ये. पुढचा खाली एडीत थांबून वल्हं उभं करेपर्यंत मागच्याने हलायचं नाही.

८. कुणी पोहायला लागलं तर

आधी माणूस, मग वल्हं, मग होडी. लोक होडीच्या मागे धावतात कारण ती महाग असते. माणसाशी बोला, छोट्या आज्ञा द्या: "पाय वर!", "होडीचं मागचं टोक धर!", "डावीकडे पोह!" काठावरचा दोर फेकायच्या आधी नाव घेऊन ओरडा, म्हणजे तो बघेल.

काठाला आल्यावर पाच मिनिटं बसवा, पाणी प्यायला द्या, डोक्याला लागलंय का विचारा आणि उत्तर नीट येतंय का तेही बघा. एकदा उलटून बाहेर पडणं चालायचंच. लागोपाठ दोनदा झालं तर त्या दिवशीपुरतं त्याचं संपलं, पुढच्या पायवाटेने वर काढा, आणि सोबत कुणीतरी जा. "शेवटचाच राहिलाय रे" याला भीक घालू नका.

९. बाहेर आल्यावर

होडीतलं पाणी पूर्ण काढा, बुडाला चीर गेलीय का बघा. स्कर्ट आणि जॅकेट सावलीत वाळवा, गाडीच्या डिकीत ओलं कोंबून सोमवारपर्यंत ठेवलं की रबर सैल होतं आणि वास तर विचारू नका. दोर पिशवीतून पूर्ण काढून वाळवून परत हाताने भरा, गुंडाळून नाही, सुटा कोंबत, तरच पुढच्या वेळी नीट सुटेल.

खरचटलेलं साबणाने धुवा. पावसाळ्यात कोकणात लेप्टोस्पायरोसिस असतो, तो अशाच पाण्यातून जखमेवाटे शरीरात जातो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर पॅरासिटामॉल घेऊन घरी बसू नका, डॉक्टरकडे जा आणि नदीत उतरलो होतो हे स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.